दोराचं दुसरं टोक

१

दसरा जवळ आला की नागनाथ मुकादम ऊसतोडीची टोळी जमवायला सोनपेठच्या खालच्या अंगाच्या गावांतून फिरायचा. बाकीची माणसं त्याला विचारायची, फड किती लांब आहे, राहायची कोपी घालायला जागा कशी आहे, सरपण मिळतं का. वैजीनाथचा सवाल मात्र ठरलेला असायचा.

"मुकादम, कारखान्याला नदी कोणती?"

"तुला ऊस तोडायचाय का नदी?" नागनाथ हसायचा.

"ऊस काय, सगळीकडं सारखाच. तुमी नदी सांगा."

वैजीनाथ बरचीनं मासे मारायचा. जाळ्याला तो हात लावत नसे आणि गळ टाकून दिवसभर बसणाऱ्याला तर माणसातच धरत नसे. छातीत वारा भरायचा, डोहात बुडी मारायची, कपारीत तोंड खुपसून बसलेला मासा हेरायचा आणि लोखंडी बरची त्याच्या कल्ल्यामागं घालायची. हा त्याचा धंदा नव्हता, खोड होती. घरी थोडं कोरडवाहू रान होतं, पोट ऊसतोडीवर चालायचं आणि जीव डोहात असायचा. भीमा, नीरा, कृष्णा, पंचगंगा, जिथं जिथं कोयता गेला तिथं तिथं बरची गेली. लोक काशी-रामेश्वर करून येतात तसे यानं डोह केले होते. भीमेचं पाणी गढूळ पण मासा आळशी, नीरेचं पाणी हाडं गोठवणारं, कृष्णेच्या कपारीत शिरलं तर परतायची वाट शोधावी लागते, हे सगळं त्याच्या तोंडून ऐकावं. सोनपेठच्या बाजारात तो सांगायला लागला की लोकांच्या पिशव्या हातातच राहायच्या.

ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकानं तोडायचं, दुसरीनं मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता. वैजीनाथ आणि त्याची बायको कोकिळा यांचं पाण्यातही तेच चालायचं. त्याच्या कमरेला दोर आणि त्या दोराचं दुसरं टोक कोकिळेच्या मनगटाला दोन वेढे दिलेलं. खाली कपारीत अडकला तर ओढून काढायला कुणीतरी हवंच. एक हिसका म्हणजे मी आहे. दोन हिसके म्हणजे ओढ.

गावातल्या बायका चिडवायच्या, नवऱ्याला जनावरागत दाव्याला बांधलंय म्हणून. कोकिळा म्हणायची, "तुमचे मोकळेच हायत की. आत्ता कुटं फिरायलेत ते ठाव तरी हाय का?"

तिला आपल्या हाताचा अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. वैजीनाथ उजव्या हातात बरची धरायचा, म्हणून हिसका डाव्या हातानं द्यायचा. त्या हाताची दोन बोटं एका हंगामात कोयत्यानं दुखावली होती. त्यामुळं त्याचा हिसका आला की पाठोपाठ दोर किंचित सैल व्हायचा, कारण धरलेलं त्याच्या बोटांत टिकत नसे. ते सैल होणं कोकिळा डोळे मिटून ओळखायची.

२

पहिल्यांदा झालं ते भीमेवर.

त्या दिवशी कारखाना बंद होता, म्हणून टोळीला सुट्टी होती. दुपारचं ऊन खडकावर पसरलेलं होतं. वैजीनाथ हातभर लांबीची वाम घेऊन वर आला, कमरेचा दोर सोडला आणि उसाच्या वाळक्या वाढ्यांचा जाळ करून शेकत बसला. कोकिळा दोर गुंडाळत होती. दोराचं सुटलेलं टोक अजून पाण्यात होतं.

त्या टोकाला हिसका बसला.

बैलानं कासरा ओढावा तसा आडदांड हिसका होता. तिचा हात खांद्यापर्यंत पुढं गेला. तिनं मागं वळून पाहिलं. वैजीनाथ जाळापाशी बसून वामीची कातडी सोलत होता आणि तोंडानं काहीतरी गुणगुणत होता.

दगडात अडकला असेल, ती मनाशी म्हणाली. वाहतं पाणी दोराला ओढतंच. तिनं दोर ओढून घेतला आणि तो सरळ आला, कुठं अडकला नाही. मग दगडात अडकलेला दोर असा सरळ कसा आला, हे तिच्या डोक्यात आलं. पण तोवर वैजीनाथनं मीठ मागितलं आणि ती मीठ शोधायला उठली.

३

दुसऱ्या साली टोळी नीरेकाठी गेली. पुन्हा तसंच सुट्टीचं ऊन, वैजीनाथ काठावर आलेला, दोराचं टोक पाण्यात. या वेळी हिसका हलका होता. माणसानं द्यावा तेवढाच. एक हिसका आणि मग काही नाही.

मी आहे.

कोकिळा दोर हातात धरून तशीच बसली. नदी पलीकडच्या वळणावर खळखळत होती, इथं मात्र पाणी गप्प होतं. थोड्या वेळानं पुन्हा एक हिसका आला. पहिल्यापेक्षा नेटका होता, चुकलेलं पोर दुसऱ्यांदा पाढा म्हणतं तसा.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना तिनं नवऱ्याला सांगितलं.

"मासा असंल," वैजीनाथ म्हणाला.

"मासा गळाला लागला तर तडफडतो. एकदाच वढून गप बसत न्हाई."

"मग नीरेला माझी वळख पटली असंल." तो मोठ्यानं हसला. "अगं, सगळ्या नद्यांत माझं नाव झालंय. आता पाणी बी राम राम घालायलंय मला."

बाजूच्या कोपीतली माणसंही हसली आणि कोकिळाही हसली. दिवसभर मोळ्या वाहून मनगट थरथरतं, रात्री झोपेतही हात ओढत राहतो, हे तिला ठाऊक होतं. आपल्याच हाताला भास झाला असेल. पण ज्या हाताचा एवढा अभिमान, त्याला भास होतो असं मानणं तिला जड गेलं.

४

त्या साली हंगाम सरताना नामांतराच्या आंदोलनामुळं ठिकठिकाणी एस.टी. बंद होती. टोळी कारखान्याच्या ट्रकमधून थेट गावापर्यंत आली. घरात सासू सुलाबाई एकटीच होती. एका खणाचं मातीचं घर, भिंतीला हातभर झरोका, कोपऱ्यात जमिनीत अर्धा पुरलेला पाण्याचा रांजण. रांजणावरच्या खुंटीला कोकिळेनं दोर अडकवला, नेहमीच्याच जागी.

गंगा आटली होती. गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. वाळूतून चालत जाऊन बायका म्हसडोहातून पाणी आणायच्या. गावाला उन्हाळ्यात आधार तेवढ्याच डोहाचा होता.

एका सकाळी कोकिळा पाणी घ्यायला रांजणापाशी गेली तर दोराचं टोक खुंटीवरून घसरून रांजणात पडलेलं होतं. तिनं ते बाहेर काढायला ओढलं.

ते आलं नाही.

तिनं परत ओढलं. दोर ताठ झाला. रांजण केवढा, तर तिच्या मांडीपर्यंत येणारा. त्यात अडकायला ना दगड ना कपार. बाहेर अंगणात सुलाबाई सुपात ज्वारी पाखडत होती, त्याचा सुर्र सुर्र आवाज येत होता. आत रांजणात डुबुक झालं.

मग दोराला हिसका बसला. एकच. आणि पाठोपाठ दोर सैल झाला.

सैल व्हायला थोडा वेळ लागला. वैजीनाथच्या बोटांतून दोर आपोआप सुटायचा. इथं तो कुणीतरी आठवून सोडला.

कोकिळेनं टोक वर काढलं आणि रांजणात वाकून पाहिलं. पाणी होतं, त्यात झरोक्याचा उजेड हलत होता. तिनं तांब्या घेतला आणि पाणी उपसून दारात ओतायला लागली, पार तळाची माती दिसेपर्यंत.

"अगं, उन्हाळ्याचं पाणी कामून सांडायलीस?" सुलाबाई ओरडली.

"मुंगळे पडले व्हते, आत्याबाई."

रांजणात काही नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. तिला भीती वाटत होती आणि त्याहून जास्त राग येत होता. तिच्या नवऱ्याचं हे एवढंसं व्यंग, जगात फक्त तिच्या हाताला कळणारं, ते कुणीतरी चोरून शिकत होतं.

५

वैजीनाथची जीभ मात्र पारावर सैल सुटलेली होती. कृष्णेच्या डोहातून काढलेला मासा रोज थोडा थोडा वाढत होता. नदीकाठची जमीन असलेले भगवानराव रोज ऐकायचे. एक दिवस त्यांनी पानाची पिंक टाकली आणि म्हणाले, "बाहेरच्या नद्यांचं कवतिक लय झालं, वैजीनाथ. आपल्या म्हसडोहात कवा उतरलास?"

वैजीनाथ खरंच कधी उतरला नव्हता. इतर साली म्हसडोह भरलेला असायचा, तळ हाती लागत नसे. त्या साली पाणी इतकं उतरलं होतं की खडकाच्या पोटातली बोळी, आत खोल गेलेली कपार, वरून दिसत होती. बोळीत वासराएवढा बोद मासा आहे असं जुनी माणसं सांगायची.

"उद्या उतरतो," वैजीनाथ म्हणाला. "समद्या गावाला बोलवा."

घरी सुलाबाईनं डोक्याला हात लावला. "पाण्यात राहून माशासंगं वैर करू ने, बाबा."

"मी पाण्यात राहतच न्हाई, माय. जातो आन येतो."

कोकिळेनं त्याला बाजूला घेऊन रांजणाचं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. त्यानं तिचं मनगट हातात घेतलं, दोरानं पडलेल्या वळांवरून दुखरी बोटं फिरवली आणि म्हणाला, "तू काठावर असलीस तर मला कशाचं भ्याव? ह्या हातानं मला चार नद्यांतून वर काढलंय."

खरं सांगायचं तर तिलाही गावानं बघावं असं वाटत होतं. ज्या बायका दाव्याला बांधलं म्हणून हसायच्या, त्यांच्यासमोर तिला त्या खडकावर बसायचं होतं. भीती होती, पण अभिमान तिच्याहून मोठा निघाला.

६

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा गाव म्हसडोहाच्या पलीकडच्या, वाळूच्या काठावर जमलं होतं. भगवानराव छत्री धरून उभे होते, सुलाबाई बायकांत पदर डोक्यावर घेऊन बसली होती. कोकिळा अलीकडच्या काठाला एकटीच होती, कारण इथं फक्त एक खडक होता आणि दोर सरळ बोळीवर सोडायला तीच जागा होती. मधलं पाणी म्हणाल तर दहा हात रुंदीचं, पण हिरवंगार आणि न हलणारं.

वैजीनाथनं कमरेला दोर बांधला, गाठ तिच्याकडून तपासून घेतली आणि बरची घेऊन आवाज न करता आत गेला.

दोर तिच्या मनगटावरून सरकत राहिला. लांब कुणाचं तरी ऑईल इंजिन टुकटुक करत होतं. पलीकडची माणसं बोलता बोलता पाण्याकडं वाकली. खालून एक हिसका आला आणि दोर सैल झाला, आपोआप, जसा व्हायला हवा तसा. कोकिळेनं श्वास सोडला.

मग बराच वेळ काही नाही. तीही त्याच्यासोबत श्वास रोखून धरायची, तिची ती सवयच होती, आणि आता तिच्या छातीत कळ यायला लागली.

दोन हिसके आले.

ओढ.

ती पाय खडकाला लावून मागं झुकली. दोर आला नाही. खाली काहीतरी जड होतं, अडकलेलं होतं. ती सगळ्या जोरानं ओढायला लागली आणि तेवढ्यात पलीकडच्या काठावर आरोळी उठली.

वैजीनाथ वाळूवर चढत होता. त्याच्या बरचीवर बोद मासा होता, खरोखर वासराएवढा. माणसं नाचायला लागली. "वैजीनाथनं डोहाचं नाक कापलं!" भगवानराव छत्री हवेत फिरवून ओरडले.

कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला इतका आनंद झाला की क्षणभर हातातल्या दोराचं तिला भानच राहिलं नाही.

दोराला दोन हिसके बसले.

७

"कोकिळे, सोड तो दोर!" वैजीनाथ पलीकडून ओरडला. "कपारीत अडकला म्हून सोडून आलोय मी."

पटण्यासारखं होतं. खाली अडकलेला दोर पाण्यानं हलतो, हिसके बसतात. नसेल तर हे तेच असेल जे भीमेपासून मागं लागलंय, आणि आता त्याचा अभ्यास पुरा झाला असेल. नवरा समोर उभा होता, सगळं गाव साक्षीला होतं. सोडून द्यावा. दोरच तर होता, बाजारात दुसरा मिळाला असता.

पण जे दोराची ओढ शिकू शकतं, ते बाकीचा माणूस का शिकणार नाही? हा विचार तिला त्या उन्हात पहिल्यांदा आला.

खालचा हिसका आता कमजोर होता. त्याच्यामागं दोर सैल झाला तो विचार करून सोडलेला नव्हता. दुखऱ्या बोटांतून निसटलेला होता.

"अवो!" ती ओरडली. "तुमी हिकडं या. पव्हत या, आन माझ्यासंगं वढा!"

"कामून? गेला तर गेला दोर. सोड."

"एक कोयता हाव न्हवं आपण? या. हात लावा!"

मोळी जड झाली की न सांगता मागून येऊन हात लावणारा माणूस होता तो. आत्ताच ज्या पाण्यातून वर आला ते त्याच्या पायाशी होतं. त्यानं पाण्यात पाय घातला नाही. तो हसत उभा राहिला.

"सोड तो दोर," तो म्हणाला.

थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "सोड तो दोर." तोच चढ, तोच उतार, शब्दाशब्दाला तसाच.

"येडी झाली का काय बायकू?" कुणीतरी हसलं. पण हसणं पुढं गेलं नाही. त्या उन्हात पाण्यातून निघालेलं अंग बघता बघता वाळतं. त्याच्या अंगावरून मात्र अजून पाणी गळत होतं, आधी गळत होतं त्याहून जास्त. धोतराच्या सोग्यातून धार लागली होती आणि वाळूतून वाट काढत परत डोहात जात होती. त्याच्या जवळची माणसं पाय भिजू नयेत म्हणून सरकावीत तशी सरकायला लागली. सुलाबाई लेकाची दृष्ट काढायला पुढं झाली होती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मग तो हात लुगड्याला पुसला, परत पुसला.

"कोकिळे," सुलाबाई तिकडून म्हणाली. "वढ गं. तू वढ."

खालून एकच हिसका आला, जेमतेम जाणवेल एवढा.

"माझा हात चुकत न्हाई!" कोकिळा सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडली. तिला कुणाला पटवायचं नव्हतं. ते खरं होतं आणि त्याचा तिला जन्मभर अभिमान होता, म्हणून ती ओरडली. तिनं टाचा खडकाच्या खाचेत रोवल्या आणि पाठ जमिनीला टेकेपर्यंत मागं झुकली. मनगटाची कातडी सोलली. खाली काहीतरी निसटलं आणि दोर यायला लागला, वीतभर, मग हातभर. त्याला माणसाचं वजन होतं.

हिरव्या पाण्यात खाली काळे केस हलताना दिसले आणि त्यांच्याखाली फिकट खांदा. अजून पुरुषभर पाणी वर होतं.

पलीकडं बायका एकदम किंचाळल्या. काहीतरी जड पाण्यात उतरल्याचा आवाज झाला. लाटा येऊन तिच्या खडकाला लागल्या आणि खाली, केसांच्या बाजूला, पाणी गढूळ व्हायला लागलं.

कोकिळेनं तिकडं पाहिलं नाही. तिनं मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि ओढलं.